डोळे मिटून पाहिलेलं गाव

काल भाजीबाजारात कोणाच्या तरी पोत्यातून मोहफुलांचा वास आला आणि मी हातात वांगं घेऊन तशीच उभी राहिले. भाजीवाली म्हणाली, "बाई, घेता का नुसतं खेळवता त्याले?" मी घेतलं. वास मात्र घरापर्यंत बरोबर आला. सुकलेल्या मोहाचा वास छान असतो असं मी म्हणणार नाही. थोडा गूळ, थोडी ओली गोधडी आणि लग्नघराच्या मागच्या अंगणात असतं तसं काहीतरी. ज्यांची वर्षं त्या वासात गेली ते थांबतात, बाकीचे नाकाला रुमाल लावतात. एके काळी मीही लावायची. तोसुद्धा अत्तर शिंपडून.

मोह पडू लागला की माझ्या डोक्यात दोन उन्हाळे एकमेकांत शिरतात. एक, मी नवी नवरी म्हणून जंगलातल्या आलापल्लीला गेले तो. दुसरा, आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी आलापल्ली सोडायचं ठरवलं आणि राहायला गाव शोधत हिंडलो तो. पहिल्या उन्हाळ्यात मला पायी चालायचं नव्हतं. दुसऱ्यात चालण्यावाचून दुसरं काही डोक्यात नव्हतं. मधल्या काळात मी शहाणी झाले असं समजू नका. गुडघे जुने झाले, एवढंच.

त्या नव्या नवरीबद्दल चार शब्द सांगायला हवेत. तिच्याबद्दल बरं बोलणारं आता कोणी उरलं नाही, आणि मी तर बोलणारच नाही. चंद्रपूरच्या एका शिलाईकाम करणाऱ्या मुसलमान घरातली ती पोरगी, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागलेली, आणि त्यामुळं जमिनीपासून जरा वरच चालणारी. ते वर म्हणजे गोल बाजारातून घेतलेल्या सँडलच्या टाचा. चालणं हे ज्यांची दुसरी सोय होत नाही त्यांच्यासाठी असतं, अशी तिची पक्की समजूत होती. आलापल्लीत घरापासून शाळा इतकी जवळ की घंटा ऐकून निघालं तरी प्रार्थना गाठता यावी. पण ही नवऱ्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून, उघडी छत्री धरून शाळेत जायची, आणि वर्गात फळ्यावर वळणदार अक्षरात लिहायची: चालणे हा उत्तम व्यायाम आहे.

नवरा सुतार. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं म्हणून मीही मिस्त्रीच म्हणत आले. ते मला मास्तरीणबाई म्हणतात. नावानं हाक मारायची पाळी अजून कोणावर आलेली नाही. घरात आमची हिंदी आणि झाडी बोलीची खिचडी शिजते. इथं मी डाळ वेगळी, तांदूळ वेगळा करून वाढत बसत नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा मोह पडला तेव्हा मिस्त्री मला पहाटेच जंगलाकडे घेऊन गेले. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली असते. त्या काळ्या राखेवर फिकट पिवळी, रसानं फुगलेली फुलं टपटप पडत होती. बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या, धुराचा पदर सगळ्यांच्या डोक्यावरून गेलेला, आणि माझ्या टाचा चिकट फुलांत रुतलेल्या. पण मला त्या दिवशी फुलं दिसलीच नाहीत. ऐकू येत होता तो मिस्त्रींचा खोकला. वाटेला वळण आलं की ते खोकायचे, अगदी छातीच्या तळातून. पुढचं वळण आलं की पुन्हा. पुढं ईदला माहेरी गेले तेव्हा अम्मीच्या गळ्यात पडून रडले, की तुम्ही मला टीबीच्या पेशंटच्या गळ्यात बांधलं. अम्मीनं फार चौकशी केली नाही. जोशांद्याची पुडी बांधून दिली. मी तो काढा मिस्त्रींना रोज सकाळी उकळून देऊ लागले आणि ते तोंड वाकडं करून पीत राहिले.

बऱ्याच दिवसांनी मी विचारलं, "खोकला कसा आहे आता?"

"कोनता खोकला?"

तेव्हा कुठं उलगडा झाला. मोहाच्या दिवसांत अस्वलंही फुलं खायला येतात. वळणावर त्यांची आपली अचानक समोरासमोर गाठ पडू नये म्हणून माणसानं आवाज देत जायचं, ही तिकडची रीत. कोणी खोकतं, कोणी काठी आपटतं, कोणी सोबत नसलेल्या माणसाशी भांडत जातं.

"मग काढा काऊन पीत होते तुम्ही?"

"मले वाटलं, तुमच्याकडं जावयाले हेच पाजत असन."

तर अशा माणसाबरोबर मी म्हातारी झाले. आणि म्हातारपणी त्यांना काचबिंदू झाला. फार सभ्य आजार आहे हा. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. जेवण आटोपल्यावर घरातला एकेक दिवा मालवत यावं तसा कडेकडेनं उजेड काढून घेतो. चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी टिकवू, किती टिकेल ते सांगता येत नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मिस्त्री म्हणाले, "नळीतून पाह्यल्यावानी दिसते. अन् नळी बारीक होऊन राह्यली." हे त्यांनी खिडकीचं माप सांगावं तशा आवाजात सांगितलं.

आलापल्ली त्यांना पाठ होती. पण घरापुढचा रस्ता रुंद झाला होता आणि त्यावरून खनिजाचे ट्रक सारखे जात होते. पाठ केलेला रस्ता रोज नवा होत होता. डॉक्टरकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस एसटीत. मुलगी शबाना चंद्रपुरात. ती म्हणायची, या आता इकडं. आम्हालाही ते पटलं होतं. फक्त मिस्त्रींची एक अट होती, आणि त्यांनी आयुष्यात घातलेली बहुधा ती एकच. "जिथी जाऊ तिथी मले एकट्यानं चालता आलं पायजे. नमाजले, चहाले, हजामतीले. कोनाचा हात धरून नाई." म्हणजे हिशेब साधा होता. डोळे आहेत तोवर एक गाव पाठ करायचं होतं, डोळे गेल्यावर वापरायला. आणि ते गाव पाठ होण्यासारखं असायला हवं होतं.

मग सुरू झालं गाव पाहणं. मुली पाहायला जातात तसं. मुलीकडचे जसे तिच्या गुणांचं वर्णन करतात तसं शबानानं आपल्या इमारतीचं केलं. "अम्मी, लिफ्ट आहे, पार्किंग आहे, जनरेटर आहे. खाली जिमसुद्धा आहे."

"जिममदी काय करते?" मिस्त्रींनी विचारलं.

"पट्ट्यावर चालतात, अब्बा," जावई म्हणाले. "पट्टा फिरतो, माणूस जागच्या जागी."

मिस्त्रींनी यावर बराच विचार केला. "मग पोचते कुठी?"

घर खरोखर चांगलं होतं. फरशी इतकी गुळगुळीत की मी माझंच प्रतिबिंब तुडवत चालले. पण दुधाचं दुकान रस्त्याच्या पलीकडे, मशीद पलीकडे, चहाही पलीकडे. आणि रस्ता म्हणजे नदीच, फक्त ओलांडायला उतार मिळत नाही अशी. आम्ही काठावर उभे राहिलो. गाड्या संपेनात. मिस्त्रींना बाजूनं येणारी गाडी दिसत नाही; ती त्यांच्या नळीत येते तेव्हा अंगावरच आलेली असते. त्यांनी हळूच माझ्या पिशवीचा बंद धरला. मी खाली पाहिलंच नाही, पाहिलं असतं तर त्यांनी सोडला असता. रस्ता ओलांडून आम्ही दूध घेतलं, परत आलो आणि मी शबानाला सांगितलं, हे घर नको.

"काऊन? काय खराबी आहे त्याच्यात?"

"खराबी काही नाही. नाकीडोळी छान आहे. आम्हाला जमणार नाही."

"अम्मी, तू घर पाहून राह्यली का सून?"

नंतर जावयांनी भद्रावतीच्या बाजूला एक नवी कॉलनी दाखवली. त्यांचे एक मित्र तिकडं माजरीच्या कोळसा खाणीत नोकरीला, त्यांच्या ओळखीची. तिथले रस्ते पट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ, फूटपाथ, फूटपाथला रंग. त्या उन्हात आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. वाटेत एक कुत्रं भेटलं, तेही गाडीखाली झोपलेलं. दारं बंद, खिडक्या बंद, आत कूलर घुरघुरत होते. झाडं लावली होती, पण ती अजून स्वतःच्याच सावलीसाठी झगडत होती. दुसऱ्या टोकाला पोहोचलो तर तिथं एक भिंत होती आणि भिंतीवर काळी धूळ. चालायला तिथं काही अडचण नव्हती. जायलाच कुठं नव्हतं.

मिस्त्री म्हणाले, "इथी पडलो तर कोन उचलन?"

"मी उचलीन."

"तू पडली तर?"

आम्ही आल्या वाटेनं परत फिरलो.

बल्लारपूर आम्ही पाहायला गेलोच नव्हतो. आलापल्लीहून चंद्रपूरला जाताना ते वाटेत लागायचं आणि आम्ही नेहमी त्याच्यातून डुलक्या घेत गेलो होतो. वाटेत लागणाऱ्या गावाकडे, आणि शेजारच्या घरातल्या मुलीकडे, कोणी त्या नजरेनं पाहत नाही. त्या दिवशी एसटी तापून बंद पडली. कंडक्टर म्हणाला, दुसरी येईल तिच्यात बसा. मिस्त्रींना तहान लागली होती. पाणी शोधत आम्ही बाजाराच्या मागच्या गल्लीत शिरलो.

गल्ली अरुंद होती. इतकी, की ट्रकनं मनात आणलं तरी त्याला येता येऊ नये. दोन्हीकडे घरांचे ओटे, ओट्यांवर माणसं. कडुनिंबाची सावली एका दारातून निघून पुढच्या दारापर्यंत पोहोचत होती आणि जिथं संपत होती तिथं कोणीतरी ताडपत्री ताणून उरलेली गल्ली झाकली होती. पिठाची गिरणी घरघरत होती. तिच्यानंतर भज्यांच्या तेलाचा वास. त्याच्यापुढं मिस्त्री एकदम थांबले आणि नाक वर करून म्हणाले, "सागवान." बरोबर, पुढं फर्निचरचं दुकान होतं. त्याच्या समोर चहाची टपरी, आणि थोडा चढ चढला की मशीद. मला त्या गल्लीचं जरा हसूच आलं. एखादी मुलगी पाहायला आलेल्यांपुढं न लाजता सरळ आपली मार्कशीट ठेवते, तसं वाटलं.

आणि मग मी मूर्खपणा केला. तरुणपणी पुरेसा केला होता, पण थोडा शिल्लक होता. मला वाटलं, या गावाची परीक्षा घ्यावी. मिस्त्री टपरीवर पाणी पीत होते. मी गिरणीपाशी परत गेले, डोळे घट्ट मिटले आणि वासाआवाजावर टपरीपर्यंत चालत यायचं ठरवलं. तेलाचा वास आला, बरोबर. लाकडाचा आला, बरोबर. मी मनातल्या मनात गावाला पैकीच्या पैकी मार्क देत होते तेवढ्यात एका उभ्या सायकलवर अशी आदळले की सायकल, मी आणि कोणाचं तरी पापड वाळत घातलेलं प्लास्टिक, तिघंही खाली.

मग जे झालं ते मला फार आवडलं, जरी तेव्हा लाज वाटत होती. सगळे ओटे रिकामे झाले. "चक्कर आली, चक्कर आली!" "कांदा आना!" "बाईचे पाय वर करा!" एका ठेंगण्या बाईनं माझं डोकं मांडीवर घेऊन तोंडावर इतकं पाणी मारलं की बुडायची वेळ आली. ही राजक्का. मूळची सिरोंच्याकडची, घरात तेलुगू बोलणारी.

"उन्हात काऊन फिरता बाई? घर कुठी तुमचं?"

मी म्हटलं, "तेच शोधून राह्यलो."

"मंग इथी पाहा ना. बाजूची खोली रिकामी आहे माही."

मिस्त्री घाईघाईनं आले, गर्दीतून वाट काढत, कोणाचाही हात न धरता. मला शुद्धीवर पाहून म्हणाले, "मास्तरीणबाई, पडायला दुसरं गाव नाई भेटलं?"

नाही भेटलं. पाऊस लागायच्या आत आम्ही सामान घेऊन आलो. पुढं पुष्कळ दिवस गल्लीत माझी ओळख चक्करवाली बाई अशीच होती, आणि मी ती कधी खोडून काढली नाही. खरं कारण सांगितलं असतं तर वेडी म्हणाले असते.

मग पाठांतर. रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही निघायचो. मी शाळातपासनीस. "मिटा डोळे. सांगा, कुठं आहोत?" "गिरनी." "आता?" "पायाखाली फरशी हलते, म्हंजे नाली आली." मधून मधून ते एक डोळा किलकिला करून कॉपी करायचे आणि मी छत्रीनं टोचायची. ती छत्री आता उन्हासाठी कमी आणि याच कामासाठी जास्त होती. वळण आलं की ते खोकायचे. टपरीवाला पहिल्या दिवसापासून हसायचा. "मिस्त्री, इथी अस्वल नाई येत."

"अस्वल नाई येत. मोटरसायकल येते."

थोड्याच दिवसांत गल्लीतले मोटरसायकलवाले तो खोकला ऐकून वळणावर वेग कमी करू लागले. मग एका दिवशी मिस्त्री मला दारातच म्हणाले, "तू राहू दे." आणि गेले. मी भाजी निवडत बसले. ती भाजी आधीच निवडलेली होती.

तेव्हापासून ते एकटेच जातात. मीही एकटीच जाते, बाजारात, बँकेत, आणि काही काम नसेल तर राजक्काच्या ओट्यापर्यंत, जो आमच्या दारापासून हाक मारली तर ऐकू येईल इतका लांब आहे. सँडलवाली पोरगी मला या गल्लीत भेटली असती तर म्हणाली असती, शी, इथं राहायचं? आणि मी तिला डोळे मिटायला लावले असते. शबाना रविवारी येते. लेक इतकी जवळ असावी की भाजी गरम पोहोचावी आणि इतकी लांब की भांडण पोहोचू नये, असं माझं मत आहे, आणि बल्लारपूर ते नेमकं सांभाळतं. मागच्या रविवारी ती अब्बांना गल्लीतून येताना पाहत होती. ते खोकले, वळले, नालीची फरशी टाळून घराशी आले. ती म्हणाली, "थेंबांनी खूपच फरक पडला ना अम्मी? नजर टिकली अब्बांची." मी म्हटलं, हो, टिकली. मलाही तसंच वाटत होतं.

आज सकाळी मी दूध घ्यायला बाहेर पडले. राजक्का दारात रांगोळी काढत होती. ती रोज सडा टाकून काढते, तिकडच्या पद्धतीची, ठिपक्यांची, आणि तिची रांगोळी नेहमी ओट्यापासून पार गल्लीच्या मध्यापर्यंत पसरलेली असायची. मिस्त्री तिच्या कडेनं अर्धं वर्तुळ घालून जायचे. एकदा म्हणाले होते, "या बाईच्या हाताले रेघ आहे." सुतारानं कोणाची अशी तारीफ केलेली मी दुसऱ्यांदा ऐकली नाही. आज मात्र राजक्का भिंतीला चिकटून, ओट्याच्या पायरीजवळ, बशीएवढं एक फूल काढत होती. चार पाकळ्या. बस.

"आज एवढीशीच?"

"आज नाई बाई. लय दिवस झाले."

मी रोज तिथून जाते. चष्मा लावून जाते.

"काऊन?"

तिनं चिमटीतली रांगोळी झटकली. "मिस्त्रीभाऊचा रस्ता आहे ना तो. एक दिवस भाऊ मधातून चालत गेले. मले राग आला, एवढी मेहनत केली होती. दुसऱ्या दिवशी बी गेले. मंग मी पाह्यलं, भाऊले दिसतच नाई. रांगोळी नाई, मी बी नाई. मी समोर बसली होती, अन् माह्यासोबत बोलले नाई. मी आवाज देला तं लगेच बोलले, हसले." ती पुन्हा वाकली. "मंग मी इकडं सरकवली. पाय घसरला असता त्याहिचा."

"केव्हाची गोष्ट ही?"

"थंडी होती." मग तिनं मान वर केली. "तुमाले सांगतलं नाई भाऊनं?"

मी दूध घेतलं आणि परत आले. गल्लीत गिरणी सुरू झाली होती. मला काय वाटलं ते सांगायला हवं, पण नेमकं सांगता येत नाही. थंडीत कधीतरी आमच्या घरातला शेवटचा दिवा मालवला गेला होता आणि घरात कोणी ठेचकाळलंसुद्धा नव्हतं. गाव इतकं बरं निघालं होतं.

मिस्त्री फिरून आले होते. खुर्चीत मान मागं टाकून डोळ्यांत थेंब घालत होते, रोजच्यासारखे, एकही न सांडता. मी चहा ठेवला, कप त्यांच्या उजव्या हाताशी. विचारू नये असं मला वाटत होतं. पण खोड जात नाही.

"आज राजक्कानं काय काढलं होतं दारात?"

त्यांचा हात कपावर थांबला. फळीवर करवत ठेवण्याआधी थांबायचा तसा.

"मोर," ते म्हणाले.

मी माझ्या चहात साखर ढवळली. पुष्कळ ढवळली.

"पिसारा जरा डावीकडं कलला होता," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "पन मान बेस जमली होती."